पाकिस्तानात सगळ्यांची मातृभाषा उर्दू नाही

‘पाकिस्तानात सगळ्यांची मातृभाषा उर्दू; पंजाबी, सिंधी, पश्तो या तिच्याच बोली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. तिथल्या २०२३ च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे साधारण ९ टक्केच आहेत. पंजाबी सुमारे ३७, पश्तो १८, सिंधी १४, सराईकी १२ टक्के. १९७३ च्या राज्यघटनेच्या कलम २५१ ने उर्दूला राष्ट्रभाषा ठरवले आहे, त्यावरून हा गैरसमज होत असावा. पश्तो तर उर्दूहून वेगळ्या, इराणी शाखेची भाषा. आणि सिंधीला बोली म्हणणे फार खटकते; शाह अब्दुल लतीफ यांनी अठराव्या शतकात तिच्यातच काव्य रचले. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका; पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे आकडे टाका.