ए. कु. मॅ.

आज टिळकवाडीत एका वास्तुशांतीला गेले होते. पंगतीत एक पाहुणे माझ्या भाचीला म्हणाले, "लॉ केलंस न्हवं? मग पुण्याला नाहीतर बेंगळूरला कंपनीत लाग की. बेळगावात राहून भाऊबंदकीच्या केसेस लढणार काय? त्यात कसलं करिअर?" पोरगी मान खाली घालून जेवली. मीही तिथं गप्प बसले. ते गप्प बसणंच आता टोचतंय.

मी ज्या सरांची ज्युनिअर होते त्यांनी वाटणीचा एक दावा सोळा वर्षं चालवला. येळ्ळूरकडची भाताची जमीन. वादी म्हणजे एक विधवा आक्का. सगळी जमीन थोरल्या दिराच्या नावावर, आणि दिराचं म्हणणं, "ही माझी स्वतःची." सरांनी १९५२ चा फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, काढला. मराठीतला. कोर्टात दिलेल्या कन्नड भाषांतरात नुसतं दिराचं नाव होतं. सरांनी मूळ नकलेवर भिंग धरलं आणि मला म्हणाले, "नावाच्या आधी काय आहे गे, वाच." मला तो शाईचा डाग वाटला होता. ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्याचं लागलं ते सगळ्या घराच्या वतीनं, एवढं त्या तीन अक्षरांत होतं. भाषांतर करणाऱ्यानं तेवढंच गाळलं होतं.

हे कुठली कंपनी शिकवते?

दावा घातला तेव्हा प्रतिवादी नऊ होते, निकालाला एकतीस झाले. माणूस मेला की नव्वद दिवसांत वारस लावायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा पडतो. सर तेराव्याला जेवायला जायचे आणि वंशावळ लिहून घेऊन यायचे. त्यातच एका गटावर कुळाचा सात नंबरचा फॉर्म निघाला, म्हणजे कूळ म्हणून जमिनीवर हक्क मागणारा अर्ज. कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट ठरवू शकत नाही, ते भू-न्यायाधिकरणाकडं जातं. तिथला निकाल विरोधात गेला की हायकोर्ट. तेव्हा धारवाडला हायकोर्ट नव्हतं, ते २००८ ला आलं. सर रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये उशाला केसचं बंडल घेऊन बेंगळूरला जायचे. मग २००५ ला वारसा कायदा बदलला आणि दिराच्या मुली हिस्सा मागायला उभ्या राहिल्या. सगळे हिस्से पुन्हा मांडा.

आणि म्हणे भाऊबंदकी! १९९२ साली एका मुलीनं बेळगावच्याच कोर्टात घातलेला वाटणीचा दावा सुप्रीम कोर्टात गेला. वडील २००५ च्या दुरुस्तीआधी वारले असतील तर मुलीला त्या दुरुस्तीचा हक्क नाही, असं २०१५ ला ठरलं. देशभरच्या वाटण्या त्या निकालावर अडल्या. २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो फिरवला. त्या सगळ्याची सुरुवात आपल्या गावातल्या एका वादपत्रानं झाली. ते लिहिणाऱ्या वकिलाला कुणी विचारलं असेल का, यात कसलं करिअर म्हणून?

मुद्दाम तारखा मागून पक्षकाराला झुलवणारे वकील आहेत, नाही म्हणत नाही. पहिली चार-पाच वर्षं हातात काही पडत नाही, तेही खरं. पण सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. लांबलेला दावा म्हणजे काय आणि तो धरून ठेवणारा वकील म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला हवं काय?

आक्का शेवटपर्यंत तारखेला यायच्या. गुडघे गेले होते, तरी रिक्षानं यायच्या आणि मागच्या बाकावर बसायच्या. कुणाचा हिस्सा किती हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला त्या दिवशी त्यांनी सरांना विचारलं, "म्हंजे आता माझं नाव लागणार?" सर त्यांच्या शेजारी बसले आणि समजावून सांगितलं, की अजून अंतिम हुकूमनामा आहे, शेतजमीन आहे म्हणून मोजून वाटून देणं जिल्हाधिकाऱ्यांकडं जाणार. आक्का म्हणाल्या, "मग भिंग जपून ठेवा, साहेब."

सर गेल्यावर ते भिंग माझ्याकडं आलं. माझ्या टेबलावर आहे.

बाळ, हे वाचत असशील तर सोमवारी सकाळी ऑफिसला ये. आणि पाहुण्यांनो, गेल्या दिवाळीत रात्री अकराला फोन करून वडिलोपार्जित घरजमिनीचं विचारलंत, तेव्हा जुने फेरफार काढून ठेवा म्हणाले होते. अजून काढलेले नाहीत. उद्याच अर्ज द्या.