हंसराजाचा डॉक्टर

"देशी नेचे, म्हणजे फर्न लाव, आपोआप वाढतात," असं मला ज्याने सांगितलं तो गृहस्थ हल्ली माझा फोन उचलत नाही.

सुरुवात हंसराज नावाच्या नेच्यापासून केली. काळ्याभोर चकचकीत केसासारख्या काड्या आणि पान तर असं की पाणी टाकलं तर थेंब नुसते घरंगळून जातात. त्याच्या शास्त्रीय नावाचा, म्हणजे आडिअँटमचा, मूळ ग्रीक अर्थच 'न भिजणारा'. मी म्हटलं चला, ह्याला पाण्याचं फारसं कौतुक नाही, आणि दोन दिवस गावाला जाऊन आलो. आलो तर कुंडीत चुरा. भिजत नाही ते पान, मुळांना मात्र कोरडेपणा अजिबात खपत नाही, हे महाराजांनी आधी सांगायला नको? रागारागाने सगळं मातीलगत कापून टाकलं, पाणी घातलं, आणि काही दिवसांनी मातीतून घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या इवल्या गुंडाळ्या वर आल्या आणि उलगडायला लागल्या. इथेच माझा आत्मविश्वास नको तेवढा वाढला.

मग बाशिंग नावाचा नेचा आणला. त्याला हिरवी मोठी पानं आणि बुडाशी तपकिरी, कागदासारखी वाळलेली पानं. मी स्वच्छतेचा भोक्ता, त्यामुळे ती वाळकी पानं एकूण एक ओढून काढली आणि झाड कसं न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतंय म्हणून फोटोपण काढला. नंतर वाचलं की ती मेलेली नसतातच, म्हणजे असतात वाळकी पण कामावर असतात, वरून पडलेला पालापाचोळा त्यांच्यात अडकतो, कुजतो आणि तेच झाडाचं खत. थोडक्यात मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं होतं.

पण खरा पराक्रम नेफ्रोलेपिस नावाच्या तिसऱ्या नेच्यावर. एका रविवारी पान उलटून बघितलं तर खाली तपकिरी ठिपकेच ठिपके! कीड!! मी लगेच साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल आणि इयरबडचा अख्खा डबा घेऊन बसलो, एकेक पान मांडीवर घेऊन अडीच तास ठिपके खरवडले, मान धरली, चहा गार झाला. बायको मागे येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "अरे, कीड अशी शिस्तीत रांगेत बसते का?"

बसत नाही. खवलेकीड कुठेही वेडीवाकडी चिकटते, आणि हे पानोपानी दोन्ही कडांना समांतर, जणू टाचणीने टोचलेले. ते बीजाणूंचे पुंजके होते. नेच्याला ना फूल ना बी, त्याचा सगळा वंश त्या ठिपक्यांत, आणि मी तो इयरबडने पुसला.

प्रायश्चित्त म्हणून एक वाचलेलं पान कागदात ठेवलं, दोन दिवसांनी खाली तपकिरी धूळ पडली, ती उकळत्या पाण्याने धुतलेल्या मातीवर भुरभुरून डब्याला झाकण लावलं. काही आठवड्यांनी मातीवर हिरवा थर. शेवाळ! टाकून दिला. (हो, तोच माझा नेचा होता.)

दुसऱ्या खेपेला भिंग घेऊन बसलो तेव्हा त्या थरात नखाएवढीसुद्धा नाहीत अशी हिरवी बदामाच्या आकाराची पानुकली दिसली. नर-मादीचा सगळा मामला त्यांच्यावरच चालतो, आणि गंमत म्हणजे नरपेशी अक्षरशः पोहत जाते, तिला पाण्याचा पातळ थर लागतो, नाहीतर लग्न मोडलं. नेच्याच्या वंशवाढीचं हे कोडं होफमाइस्टर नावाच्या जर्मन माणसाने 1851 मध्ये सोडवलं होतं, म्हणजे माझ्या इयरबडच्या कितीतरी आधी. तर माझ्या डब्यात सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले आणि मी रोज रात्री स्प्रे घेऊन पाऊस पाडतोय. बायको झोपेतून विचारते, "जमलं का?" मी म्हणतो, "अजून बोलणी चालू आहेत."

काल सकाळी एका बदामाखालून एक अगदी चिमुकलं पान वर आलंय. टोकाशी काहीतरी तपकिरी वाटतंय मला, पण चिमटा, इयरबड आणि कडुनिंबाचं तेल तिन्ही वस्तू बायकोने कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतलीये.