ऊन नाही ना? मग चला!

ऑक्टोबरातल्या लाँग वीकेंडला दिवसभर ढग राहणार असा अंदाज आला आणि घरात फक्त नवऱ्याचा चेहरा उजळला. मी, लेक आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे, आम्ही सगळे पानगळीचे रंग बघायची ट्रिप पुढे ढकलायच्या विचारात होतो. "वेडे आहात का? फॉल कलर्सना ढगाळ उजेडच लागतो!" म्हणत त्याने ट्रायपॉड गाडीत टाकला. ट्रायपॉडला जागा हवी म्हणून आईंच्या दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर आला.

दुःख हे, की त्याचं म्हणणं खरं आहे. कडक उन्हात पानं चकाकतात, सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि मेपलचा लाल फिका दिसतो. ढगांतून उजेड सगळीकडे सारखा पसरतो, ओली पानं गडद उठतात. अट एकच, फोटोत आभाळ येऊ द्यायचं नाही, कारण ते नुसतं पांढरंफटक येतं. चुकणाऱ्या नवऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हा बरोबर होता, त्यामुळे दिवसभर मुकाट्याने गाडीत बसावं लागलं.

बॉस्टनहून अडीच-तीन तासांवर, न्यू हॅम्पशरमध्ये, कॉनवे ते लिंकन हा कँकामागस हायवे आहे. 34 मैल नुसती झाडं. वाटेत पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही. कंटाळलेल्या माणसाने जायचं कुठे?

"पानं गळायला आलीत, ते बघायला एवढी गर्दी?" आईंनी विचारलं. मग नवऱ्याने हरितद्रव्य काढलं. दिवस लहान झाले, गारठा पडला की हरितद्रव्य सरतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, तो तेव्हा दिसायला लागतो. लाल मात्र झाड नव्याने तयार करतं. "म्हणजे वय झाल्यावर मेंदी लावतात तसं," म्हणून आईंनी विषय मिटवला. बाबांच्या डोक्याकडे कोणीही पाहिलं नाही.

पहिला मुक्काम स्विफ्ट नदीवरचा, 1858 सालचा लाकडी छपराचा पूल. बाबा कठड्याशी उभे राहिले. "घे. मागे डोंगर, वर आभाळ."

"आभाळ नको, बाबा."

"अरे, आभाळ नसलं तर आम्ही बाहेर गेलोय हे कळणार कसं?"

आभाळ टाळायचं म्हणून नवरा त्यांना "अजून थोडं मागे, अजून थोडं" करत गेला. शेवटी बाबा अर्धे झुडपात होते आणि फोटोत त्यांची फक्त टोपी छान आली होती.

लेकीचा रेनकोट लाल का, हे मला त्या दिवशी कळलं. "हिरव्या-पिवळ्यात एक लाल ठिपका हवा," म्हणून तिला एकाच पायवाटेवर चालवणं सुरू झालं. तिने शांतपणे दर फेरीला एक मेपल कँडी असा दर ठरवून घेतला. घरात व्यवहार कळणारी ती एकटीच.

सॅबाडे धबधब्यापाशी खरी कसोटी. पाणी दुधासारखं यावं म्हणून शटर सेकंदभर उघडं ठेवायचं, आणि त्याआधी पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढची ती काळसर काच, फिरवून फिरवून ओल्या दगडांची चकाकी घालवायची. ती फिरवताना तो श्वास रोखतो आणि आम्हीही रोखावा अशी त्याची अपेक्षा असते. एवढं सगळं जमत आलं की हमखास कोणीतरी फ्रेममध्ये येतं. "हे काका कधी हलणार?" तो मराठीत पुटपुटला. काका वळले. "हलतो हो, जरा दम खाऊ द्या!" पुढचा अर्धा तास आई आणि त्या काकांच्या मंडळी पुण्यातली कॉमन ओळख शोधत होत्या, अर्थातच फ्रेमच्या मधोमध.

लिंकनच्या अलीकडे हॅनकॉक ओव्हरलुकला पोचलो आणि ढग फाटले. समोरचा अख्खा डोंगर पेटला. आम्ही सगळे फोन घेऊन धावलो. नवरा मात्र गाडीतच बसून दशमी खात होता.

"ये ना रे, ऊन आलंय!" आई ओरडल्या.

"म्हणूनच. लाइट गेला."

"मग निदान आमचा तरी काढ."

तो नाइलाजाने उतरला. फोटोत आभाळ निळंशार, आम्ही सगळे डोळे मिचकावतोय आणि बाबांच्या नाकाची सावली थेट हनुवटीपर्यंत. "बघा, हेच सांगत होतो सकाळपासून," तो म्हणाला.

आईंचा डीपी सध्या तोच आहे.