कोड खुला आहे, पण त्यावरची चर्चा कुणाच्या ताब्यात आहे?

आज सकाळी आमच्या प्रकल्पाच्या बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "कोड मुक्त परवान्याखाली आहे ना? मग तो कुठे ठेवला आहे, याने काय फरक पडतो?" मी तुटक उत्तर देऊन विषय संपवला. तो प्रश्न दिवसभर मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

फरक पडतो. काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, असलेल्या एका मित्राचे खाते एका होस्टिंग सेवेने (कोड इंटरनेटवर ठेवून देणाऱ्या सेवेने) एका रात्रीत बंद केले. कारण सांगितले नाही, आणि दाद मागायला गेल्यावर समोर माणूस नव्हताच, केवळ ठरावीक मजकुराची स्वयंचलित उत्तरे येत राहिली. कोड वाचला, कारण गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात सहसा प्रत्येक क्लोनसोबत, म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतीसोबत, पूर्ण इतिहास येतो. मात्र त्याने उघडलेले इश्यू, म्हणजे अडचणी आणि सूचनांच्या नोंदी, आणि त्यांखालची सगळी चर्चा दिसेनाशी झाली. आमची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, स्प्रेडशीटमधल्या तारखा वाचते. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरते, जे ते नव्हते. शिवाय काही फाइलींमध्ये दिवसांची मोजणी १९०० ऐवजी १९०४ पासून होते. विचित्र फाइलींच्या बाबतीत काय गृहीत धरायचे, हे त्याने लोकांनी पाठवलेले नमुने एकेक उघडून ठरवले होते, आणि ते सारे एका इश्यूमध्ये होते.

कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, गिटमध्ये राहतात. इश्यू, पुल रिक्वेस्टवरचे (बदल स्वीकारण्याच्या विनंतीवरचे) अभिप्राय, कोणी कशाला का नकार दिला याच्या नोंदी होस्टिंग सेवेच्या डेटाबेसमध्ये राहतात. परवाना कोडला संरक्षण देतो, त्या डेटाबेसला देत नाही, आणि प्रकल्पाची निम्मी समज त्या डेटाबेसमध्येच असते.

मला खरा राग याचा येतो की आपल्याला हे ठाऊक होते. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, काम २००२ पासून बिटकीपर या मालकीच्या साधनावर चालत होते, २००५ मध्ये त्याचा मोफत वापर काढून घेतला गेला, आणि म्हणूनच लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. अशा प्रसंगातून जन्मलेले, कोणत्याही एका सर्व्हरवर अवलंबून नसलेले साधन आपण उचलले आणि पुन्हा एका कंपनीच्या बंदिस्त सर्व्हरला नेऊन बांधले! गूगल कोड ही होस्टिंग सेवा २०१६ मध्ये बंद झाली. बिटबकेट या दुसऱ्या सेवेने २०२० मध्ये मर्क्युरियल या गिटसारख्या साधनाच्या रिपॉझिटरी (कोडची भांडारे) काढून टाकल्या. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहब या होस्टिंग सेवेने इराण, सीरिया आणि क्रिमियातील खात्यांवर मर्यादा घातल्या, म्हणजे कोण सहभागी होऊ शकतो हे प्रकल्पांच्या हातात राहिले नाही.

लोक गिटहबवर आहेत आणि नवा सहभागी तिथे सहज सापडतो, हे मान्य. स्वतःचा सर्व्हर सांभाळणे हे बिनपगारी ओझे आहे, हेही मान्य. पण प्रत्येकाने सर्व्हर उभारावा असे कोण म्हणते आहे? कोडबर्ग ही बर्लिनमधील ना-नफा संस्था सदस्यांच्या बळावर चालते आणि ती वापरते ते फोर्जेयो हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे. लिनक्सवरचे डेस्कटॉप बनवणारे मुक्त प्रकल्प ग्नोम २०१८ मध्ये आणि केडीई २०२० मध्ये स्वतः चालवलेल्या गिटलॅब या कोड-होस्टिंग सॉफ्टवेअरवर गेले. गिटलॅबची काही वैशिष्ट्ये बंदिस्त आहेत, तरी तिची मुक्त आवृत्ती आपल्या यंत्रावर चालवता येते आणि डेटाबेस आपल्या हाती राहतो. मला तेवढे पुरते.

इथवर लिहिताना जाणवते आहे की त्या मुलावर चिडण्यात अर्थ नव्हता. तो प्रोग्रॅमिंग शिकला तेव्हा कोड ठेवायची एकच जागा त्याला दाखवली गेली, आणि ती दाखवणाऱ्यांत आम्हीच होतो. त्या मित्राचे खाते गेल्यानंतरही आम्ही तिथेच राहिलो, कारण स्थलांतराला कुणाला वेळ नव्हता. पुढे एका नव्या सहभागीने तारखांच्या कोडमधली, त्या इश्यूतून ठरलेली, विचित्र दिसणारी अट निरुपयोगी समजून काढली. चाचण्या उत्तीर्ण झाल्या, आणि काही वापरकर्त्यांच्या तारखा १,४६२ दिवसांनी चुकल्या. त्याचा काय दोष? अट का आहे हे सांगणारे पान उरलेच नव्हते.

मित्र पुन्हा प्रकल्पात आला नाही. त्या चर्चेतले मला आठवते तेवढे आज संध्याकाळी मी एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून रिपॉझिटरीत टाकले आणि सकाळच्या त्या सहकाऱ्याला ते तपासायला पाठवले आहे, सोबत माझ्या तुटक उत्तराबद्दलची क्षमाही. पुढच्या बैठकीत स्थलांतराचा प्रस्ताव मी मांडणार आहे.