रक्ताच्या रिपोर्टवरून पैदाशीचा नर निवडता येतो का?

वराहपालकांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: नराचं रक्त लॅबला पाठवा. सीके (क्रिएटिन कायनेज) कमी आलं तर त्याच्यात ताणाचं जनुक नाही, कोलेस्टेरॉल कमी तर पिल्लांच्या मांसात चरबी कमी, युरिया कमी तर खाद्य अंगी लागणारा नर. यातला युरियाचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकी दोन्ही चूक.

आधी सीके, कारण खरं नुकसान इथे होतं. क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतलं विकर (एन्झाइम). स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. ताणाने अचानक मरणाऱ्या, फिकट आणि पाणी सुटणारं मांस देणाऱ्या डुकरांत ते चढलेलं असतं, म्हणून डीएनए चाचणी नव्हती तेव्हा तेच मोजत. मूळ दोष 1991 मध्ये सापडला: सहाव्या गुणसूत्रावरच्या आरवायआर-1 जनुकात 1843 व्या जागी सी या डीएनए अक्षराऐवजी टी, त्यामुळे प्रथिनात 615 व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन. एकच सदोष प्रत असलेला वाहक नर हॅलोथेन हा भुलीचा वायू हुंगवला तरी सहसा ताठरत नाही, आणि त्याचं सीके निर्दोष डुकरासारखं निघू शकतं. तोच नर वाहक मादीला दिला की सरासरी चारांतलं एक पिल्लू दोन्ही प्रती सदोष घेऊन जन्मतं. उलटही होतं. निर्दोष नर त्याला धरायच्या फासात धडपडला, नुकताच टेम्पोतून उतरला किंवा त्याच्या स्नायूत इंजेक्शन दिलेलं असलं, तर सीके कितीतरी पटींनी वाढतं. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडलं तरी वाढतं.

इथे डीएनए चाचणीच हवी, आणि ती नराच्या आयुष्यात एकदाच पुरते. मुळांसकट उपटलेले केस किंवा ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतलं रक्त पाठवा. हेपारिनची नळी नको; तेही रक्त गोठू देत नाही, पण पीसीआरमध्ये, म्हणजे चाचणीसाठी डीएनएच्या प्रती वाढवताना, अडथळा आणतं. जुन्या पद्धतीत एचएचए-वन हे डीएनए कापणारं विकर निर्दोष प्रत कापतं, सदोष प्रत कापत नाही. कापणी अर्धवट राहिली तर निर्दोष डुक्करही वाहक दिसतं. तेव्हा सोबत निर्दोष म्हणून माहीत असलेला नमुना चालवला होता का, हे लॅबला विचारा.

कोलेस्टेरॉलवर जनुकांचा प्रभाव आहे, यात वाद नाही. एलडीएलआर जनुकातल्या एका बदलामुळे ते फार वाढलेली डुकरं अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हृदयविकाराच्या संशोधनासाठी पाळली गेली. पण त्यावरून पाठीवरच्या चरबीचा अंदाज बांधता येत नाही. डुक्कर आपली चरबी मुख्यतः चरबीच्या पेशींतच, ग्लुकोजपासून तयार करतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल हा वेगळाच हिशेब. चरबी मोजायची तर अल्ट्रासाउंडने, शेवटच्या बरगडीपाशी, पाठीच्या मध्यरेषेपासून 65 मिमीवर.

युरियाचं म्हणणं थोडं वेगळं. खाद्यात लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी पडलं की उरलेली अमिनो आम्लं शरीरात बसत नाहीत, तुटतात आणि युरिया वाढतो. म्हणून तो कमी असणं हे प्रथिनं नीट वापरली जात असल्याचं लक्षण असू शकतं. पण एकच खाद्य, साधारण तेच वजन, आणि खाल्ल्यावर तितक्याच तासांनी घेतलेलं रक्त असेल तरच. दोन फार्मवरच्या नरांचे आकडे शेजारी मांडून काहीही कळत नाही.

मग "अमुक गुणाचं जनुक सापडलंय" हे ऐकलेलं असतं, त्याचं काय? मेशान आणि पिएत्रेन या डुकरांच्या जातींच्या संकरांतून, एखाद्या गुणाशी जुळणारे गुणसूत्रांचे पट्टे शोधले गेले. एकेका पट्ट्यात शेकडो जनुकं असू शकतात, आणि बहुतेक गुणांवर अनेक जागांचा थोडाथोडा प्रभाव असतो. मेशानच्या संकरात जुळलेली खूण लार्ज व्हाइट या जातीत तशीच जुळेल, याची खात्री नाही.

आकडे गोळा करायचेच असतील तर आधी नमुना नीट घ्या. 12 तास उपाशी ठेवा, पाणी मात्र द्या. बारीक सुईने जोरात ओढलं की तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही विकरं खोटी वाढतात. ग्लुकोजसाठी फ्लोराइडची नळी वापरा, नाहीतर नळीतल्या पेशीच ग्लुकोज खात राहतात. बाकी रक्त अर्धा तास गोठू द्या आणि लगेच सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं काढा. न फिरवलेली नळी बर्फात ठेवली की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर तर वाढत्या हाडांमुळे लहान वयात जास्तच असतं, म्हणून चार महिन्यांचा नर आणि दोन वर्षांचा नर एका यादीत लावू नका. फासात कोण किती वेळ होता, हेही नळीच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा.