घरात येऊन कोणी कॅसेट उचलून नेत नव्हते

आज सकाळी फोनवर अभंग लावायला गेलो, तर कित्येक वर्षे जमवलेल्या यादीतली निम्मी नावे करडी झालेली. बोट ठेवले की ‘हे गाणे आता उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा कुठला तरी करार संपला असणार, हे मला कळते; पण पैसे भरणाऱ्याला त्या करारात कोणी विचारत नाही, याचा संताप येतो.

माझे वडील शनिवारी रात्री आकाशवाणीवरच्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमासाठी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर मांडून बसत आणि घरात कोणी बोलायचे नाही असा हुकूम सुटे. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपे, त्यामुळे द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश, ऐन रंगात आली असताना बाजू उलटण्याची धांदल ठरलेली. मुद्रण झाले की पाठच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन दात ते मोडून टाकत, म्हणजे त्यावर चुकूनही दुसरे काही भरले जाऊ नये. त्यातल्या एका मालकंस रागाच्या मुद्रणात, विलंबिताच्या म्हणजे संथ लयीच्या भागाच्या समेवरच, पाहुण्यांसाठी आईने उशिरा लावलेल्या कुकरची शिट्टी आहे. वडील तेव्हा चिडले होते म्हणे. आज आम्हा भावंडांना तो मालकंस शिट्टीशिवाय अपुरा वाटतो.

पावसाळ्यात फितीला बुरशी लागते, वाजवून वाजवून वरचे स्वर पुसट होतात आणि खरखर तर पहिल्या दिवसापासून असते, हे मान्य. डिजिटल प्रत झिजत नाही, हेही मान्य. त्या मालकंसाची फाईल मी मेलबर्नच्या बहिणीला पाठवली, तेव्हा ती शिट्टीपाशी रडली. फीत काही मी तिला पोस्टाने पाठवली नसती. म्हणजे डिजिटल आवाजाशी माझे वैर नाही. आयुष्यभर पैसे भरूनही आपल्या हाती काही न ठेवणारा हा भाड्याचा कारभार मात्र मला सहन होत नाही.

२००९ साली अमेझॉनने विकलेली काही ई-पुस्तके ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रांमधून परस्पर पुसून टाकली आणि पैसे परत केले. पैसे परत केले म्हणून काय झाले? दुकानदाराने रात्री घरात शिरून कपाटातले पुस्तक नेले आणि उशाशी नोटा ठेवल्या, तर आपण त्याला व्यवहार म्हणू का? १९६३ साली फिलिप्सने आणलेली कॅसेट कोणत्याही चालू डेकमध्ये आजही वाजते आणि ती कोणाचा पासवर्ड मागत नाही. तिला बुरशी लागली तरी ती माझ्याच घरात लागते.

असो. वडिलांच्या खोक्यातल्या उरलेल्या कॅसेटी मला या महिन्यात फाईलींत उतरवून घरच्या हार्डडिस्कवर ठेवायच्या आहेत. आमच्या डेकचा बेल्ट सैल झाला आहे आणि त्यामुळे मालकंस हल्ली हेलकावे खात वाजतो. ठाणे-डोंबिवलीकडे बेल्ट बदलून देणारा कारागीर कोणाच्या माहितीत असल्यास जरूर कळवावे. ‘हे सगळे यूट्यूबवर आहे’ असे सांगू इच्छिणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये.