राज्यशास्त्र शिकताय? मग कादंबऱ्या वाचा

राज्यशास्त्रात एमए करणाऱ्यांनी कादंबऱ्या वाचायलाच हव्यात. परीक्षा संपल्यावर विरंगुळा म्हणून नव्हे, तर अभ्यास म्हणून, गौबा आणि हेवूडच्या पाठ्यपुस्तकांच्या शेजारी ठेवून. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेची तारीख जवळ आली की आमच्या ग्रुपवर 'सध्या काय वाचतेस' याचं उत्तर म्हणजे कुठल्यातरी गाइडचं नाव. कादंबरीचं नाव घेतलं की समोरून येतं, 'बरा वेळ मिळतो तुला!' घरीही तेच. आई म्हणते, 'अगं, आधी सिलॅबस उरक, मग वाच काय वाचायचंय ते.' तिची काळजी खरी आहे. पण कादंबरी सिलॅबसच्या बाहेर असते, हेच मुळात मला मान्य नाही.

संमतिवयाचा कायदा घ्या. पुस्तकात तो दोन ओळींत संपतो. १८९१ साली सरकारने मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं (लग्नातल्याही) कमीत कमी वय, दहावरून बारावर नेलं. मलबारी आणि आगरकर हे सुधारक बाजूने, टिळक विरोधात. पेपरात एवढं लिहिलं की मार्क मिळतात. टिळकांचं म्हणणं असं होतं की परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपली आपण करावी. वर्गात ऐकताना हा युक्तिवाद पटतोही. राज्यसंस्थेने कुठपर्यंत यावं, माणसाचं खासगी आयुष्य कुठून सुरू होतं, हा राजकीय सिद्धान्तातला जुना आणि मोठा प्रश्न आहे.

हा वाद पेटला होता त्याच सुमारास, १८९० पासून, हरिभाऊ आपटे आपल्या 'करमणूक' या साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापत होते. यमू त्यात स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते. खेळायच्या वयात लग्न, सासरचं दडपण, मग तिला लिहायला-वाचायला शिकवणारा, माणूस म्हणून वागवणारा नवरा, मुंबईतलं थोड्या दिवसांचं सुख. रघुनाथराव जातात आणि यमू पुन्हा त्याच घरात येऊन पडते. तिचं केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध, घरातल्याच माणसांच्या पुढाकाराने होतं. शंकरमामंजींसारखा माणूस धर्माचं नाव घेऊन अख्ख्या घरावर राज्य करतो आणि त्याच्या निकालावर अपील करायला जागाच नसते.

हे वाचून टिळकांचा युक्तिवाद पुन्हा वाचा. तो एका फटक्यात खोटा ठरत नाही. परक्या सत्तेबद्दलचा संशय रास्तच होता. पण 'आमचं घर' म्हणताना त्या घरात तोंड उघडायचा हक्क कोणाला होता, हा प्रश्न पुस्तकातल्या दोन ओळींत उभाच राहत नाही. सरकार दाराबाहेर थांबलं म्हणजे आत स्वातंत्र्य नांदतं असं नाही. घरातही सत्ता असते, हुकूम असतात, शिक्षा असतात. स्त्रीवादी सिद्धान्ताच्या पेपरात मी हे पुढे रीतसर शिकले. यमूने ते आधीच समजावून सांगितलं होतं.

ही कादंबरी मी दुपारी आजीला वाचून दाखवायचे. केशवपनाचा भाग आला तशी आजी म्हणाली, 'थांब जरा.' पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, 'आमच्या थोरल्या आत्याबाई तशाच होत्या. लाल आलवण नेसायच्या. न्हावी मागच्या दारी यायचा, आणि तो आला की आम्हा पोरांना पुढच्या ओटीवर पिटाळायचे. त्या दिवशी आत्याबाई कुणाशी बोलायच्या नाहीत.' इतक्या वर्षांत आजीने हे कधी काढलं नव्हतं. तिचं लहानपण म्हणजे १९४० नंतरचा काळ. संमतिवयाच्या वादाला तेव्हा पन्नास वर्षं उलटली होती. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा तर १८५६ सालचा, त्यालाही ऐंशी-नव्वद वर्षं झालेली. कायदा झाला आणि घरापर्यंत पोचला, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं, ते मला त्या दुपारी कळलं.

जाता जाता एक. त्या १८५६च्या कायद्यानंतर दुसऱ्याच वर्षी बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात आणि त्याचा विषयच मुळी विधवांची स्थिती हा आहे. म्हणजे आपली कादंबरी जन्मापासून सार्वजनिक प्रश्नांशी भांडत आलेली आहे. तिला फावल्या वेळेत ढकलण्याची पद्धत आपण नंतर पाडली.

दुसरं उदाहरण मला जास्त हलवून गेलं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. आमच्या नोट्समध्ये तो 'वसाहतकालीन कायदे' या यादीत, नाव आणि साल एवढाच. अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ साली तो कायदा आणखी कडक आणि व्यापक झाला. कोणी कुठे राहायचं, कुठे जायचं, कधी हजेरी द्यायची हे पोलिसांच्या हाती गेलं. तो रद्द झाला १९५२ साली, म्हणजे संविधान लागू झाल्यावरही दोन वर्षांनी. एका सालाच्या शेजारी दुसरं साल लिहून आपण पान उलटतो.

विभावरी शिरूरकरांची 'बळी' १९५० सालची. शिरूरकर हे टोपणनाव; खऱ्या मालतीबाई बेडेकरांनी या लोकांमध्ये नोकरीच्या निमित्ताने स्वतः काम केलं होतं. सेटलमेंटच्या, म्हणजे या जमातींना ठेवायच्या सरकारी वसाहतीच्या, तारेच्या कुंपणाआडची माणसं त्यांनी या कादंबरीत आणली. ती साधी-भोळी, निरागस म्हणून रंगवलेली नाहीत. ती भांडतात, फसवतात, प्रेम करतात, आणि या सगळ्यावर कुंपण आहे. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ची. वारणेच्या खोऱ्यातल्या मांगांवर लादलेली हजेरी तिथे ज्यांना द्यावी लागते त्यांच्या बाजूने येते. माणसाला रोज जाऊन 'मी आहे, पळालो नाही' असं सिद्ध करावं लागतं, यात त्याच्या मानाचं काय होतं हे त्या पानांवर आहे. अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. समान नागरिकत्व म्हणजे काय, यावर मी बरेच लेख वाचलेत. ज्याला ते नाकारलं त्याच्या शेजारी बसायला मला या दोन पुस्तकांनी लावलं.

इथे मला एक गोष्ट जाणवली आणि ती सांगायलाच हवी. यमूची कथा आजीच्या आठवणीत होती, म्हणून ती आमच्या घरात चटकन शिरली. फकिराची कथा आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्यातल्या घरात कोणाच्याच आठवणीत नाही. आपल्या नात्यागोत्यात, शेजारात, सोसायटीत जे आयुष्य कधी दिसणारच नाही, तिथे जायला कादंबरी लागतेच. नागरिकांबद्दल निबंध लिहायचे आणि ओळख फक्त आपल्यासारख्यांशी ठेवायची, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला परवडणारं नाही.

चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीचा शेवट वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. अख्खी कादंबरी ओकोन्क्वो नावाच्या माणसाची. त्याचं गाव, त्याचा बाप, त्याचा ताठा, त्याच्या चुका, गोरे आल्यावर कोसळत गेलेलं सगळं. शेवटी तो गळफास घेतो. आणि तिथला इंग्रज जिल्हाधिकारी मनात म्हणतो, मी लिहितोय त्या पुस्तकात या माणसावर एक प्रकरण होईल. प्रकरण नाही तरी एखादा बऱ्यापैकी परिच्छेद नक्की होईल. आपण पाठ्यपुस्तकात वाचतो तो बरेचदा हाच परिच्छेद असतो. तो कोणी लिहिला आणि त्यात काय मावलं नाही, हे विचारण्याची सवय मला अचेबेंनी लावली.

त्याच सवयीने मी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल मुळातून वाचायला घेतला. गाइडमध्ये 'ऑन लिबर्टी' म्हणजे चार मुद्दे: दुसऱ्याला इजा होत नाही तोवर व्यक्तीला मोकळीक, वगैरे. मूळ पुस्तक १८५९चं. त्यात मिल सुरुवातीलाच सांगतो की हे तत्त्व लहान मुलांना लागू नाही आणि 'मागासलेल्या' समाजांनाही नाही. रानटी लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालवली तर ती योग्यच. हा माणूस १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. म्हणजे ज्यांना मोकळीक नाही त्या यादीत आपणही होतो. आणि त्याच मिलचा आधार बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात घेतला: कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. ज्याने आपल्याला दाराबाहेर ठेवलं त्याचंच वाक्य उचलून आपल्या लोकशाहीची राखण करायची, याला केवढा आत्मविश्वास लागतो! चार मुद्द्यांच्या नोट्समध्ये यातलं काहीच येत नाही.

याचा अर्थ पाठ्यपुस्तकं फेकून द्या असा कोणी घेऊ नका. मी गौबाची पानं रंगवून रंगवून वाचलीत आणि त्याचा मला उपयोगच झालाय. नुसत्या कादंबऱ्या वाचणाऱ्याचं नुकसान वेगळं असतं. यमूसाठी डोळे भरून येतात आणि गोष्ट तिथेच थांबते. असं का होत होतं, कोणत्या नियमाने, बदलायचं तर कुठे हात घालायचा, हे विचारायला संकल्पना लागतात, आकडे लागतात, कलमं माहीत असावी लागतात. एका घराची गोष्ट म्हणजे देशाचं चित्र नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी कॉलेजात गोष्ट म्हणून वाचली होती आणि आवडली होती. समाजशास्त्रज्ञ वेबरचे सत्तेचे तीन प्रकार (परंपरेने आलेली, नियमाने आलेली, माणसाच्या करिष्म्याने आलेली) शिकल्यावर ती परत वाचली, तर सगळं नव्याने दिसलं. कारभारी म्हणजे परंपरेने आलेली सत्ता. कोवळ्या वयाचा मास्तर म्हणजे सरकारी कागदाने आलेली. पण त्या कागदाला धनगरांच्या वाडीत काडीची किंमत नसते. लोकांची कामं करत, भांडणं मिटवत, तालीम बांधायला सगळ्यांना उभं करत मास्तर आपला अधिकार हळूहळू कमावतो. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडीच उठून जाते. वेबर वाचला नसता तर मला हे दिसलं नसतं. माडगूळकर वाचले नसते तर वेबर पाठ झाला असता, एवढंच.

म्हणून मी आता जोड्या लावून वाचते. सध्या जोडी आहे १९३६ सालची: बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचं विध्वंसन' आणि प्रेमचंदांचं 'गोदान', दोन्ही त्याच एका वर्षातली. पहिलं म्हणजे लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेलं आणि आयोजकांना न झेपल्याने न झालेलं भाषण. दुसऱ्यात होरी मरतो तेव्हा धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे गोदान म्हणून पुरोहिताच्या हातावर ठेवते. शास्त्रांचा अधिकारच नाकारा असं बाबासाहेब का सांगत होते, ते त्या वीस आण्यांपाशी येऊन कळतं.

पैशाचं कारण कोणी सांगू नये. ठाण्यात १८९३ सालापासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे आणि यातली मराठी पुस्तकं चांगल्या वाचनालयात मागितली की मिळतात. जुन्या प्रतीत कोणीतरी पेन्सिलने समासात रेघ ओढलेली असते, पानं कडेला तपकिरी झालेली असतात, आणि वाचताना सोबत असल्यासारखं वाटतं. वेळेचं म्हणाल तर माझं निम्मं वाचन ठाणे ते कुर्ला लोकलमध्ये होतं, बसायला मिळालं तर. अडचण दुसरीच आहे. ठाण्यातल्या अभ्यासिकांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याच वयाची मुलं बसलेली असतात, मन लावून, डोळे चोळत, आणि टेबलांवर एमपीएससीच्या आणि नेटच्या पुस्तकांखेरीज काही नसतं. यातलेच काही उद्या तहसीलदार होतील, काही प्राध्यापक. सात-बाऱ्यावरचं नाव बदलायला आलेल्या म्हाताऱ्याशी त्यांनी कसं बोलावं, हे लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकात नाही. विद्यापीठांनी राज्यशास्त्राच्या प्रत्येक पेपराला निदान एक कादंबरी लावावी, तीही परीक्षेच्या प्रश्नासकट, ही माझी मागणी आहे. परीक्षेला नसेल तर कोणी वाचणार नाही, हे आपण सगळे जाणतो.

आणि एक विनंती. खाडीपलीकडची नवी मुंबई आमच्या पेपरात 'विकास आणि विस्थापन' या घटकात येते. १९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, त्यासाठी घेतलेल्या ९५ गावांच्या जमिनी, १९८४ सालच्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, गोळीबार, पाच हुतात्मे, मग घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत देण्याची योजना. आठ-दहा ओळी. माझी वर्गमैत्रीण उरणची आहे. तिच्या घरी साडेबारा टक्क्यांचा प्लॉट हा अजून जेवताना निघणारा विषय आहे. तिचे आजोबा तर विमानतळाच्या बातम्या लागल्या की टीव्ही बंद करायला सांगतात. मला या ९५ गावांची कादंबरी वाचायची आहे, शक्यतो आगरी बोलीतली, मिठागरं आणि भातशेतीसकट. ऐरोली, बेलापूर, पनवेल, उरणकडचे जे कोणी हे वाचत असतील त्यांनी कमेंटमध्ये नाव सुचवा. आणि तुमच्यापैकी कोणी लिहीत असेल, तर कच्चा खर्डाही चालेल.